उभं राहायला जागा

बस हंबरच्या पुलावर चढली
तेव्हा खाली ओहोटी होती, पाणी गढूळ चहासारखं.
मांडीवर हॅडकची पेटी. आत मासे नाहीत, कागद.
फाइल घेता आली असती, पण पेटी घरात होतीच;
शेजारची बाई दोनदा नाक मुरडून
मागच्या बाकावर जाऊन बसली.
धूर तीन पिढ्यांचा आहे, बाई. धुऊन जात नाही.

मी मुक्त आहे. तसं पत्र आहे माझ्याकडे.
वर्ष भरलं त्या मंगळवारी आपोआप सुटलो,
कुणी दार उघडलं नाही, कुणी हात मिळवला नाही.
कर्ज गेलं. धुरीघर मात्र परत आलं नाही,
ते विश्वस्तांचं झालं होतं: ग्रिम्सबीच्या गोदीमागची
ती काळी भिंत, ओकच्या भुशाची पोती,
आजोबांनी भट्टीच्या दारावर खडूनं लिहिलेली
कुठल्याशा जानेवारीची तारीखसुद्धा.

विश्वस्त दोघं. मिस्टर हार्डस्टाफ, मिस क्विबेल.
आवाज कधी चढवला नाही त्यांनी.
गावातला आंधळाही चाचपून नव्वद म्हणाला असता
ते धुरीघर पंचेचाळीस हजारांना देऊन टाकलं.
मी पत्र लिहिलं: का?
उत्तर आलं नाही. हिशेब आला.

दिवाळखोराचं पत्र वाचणे, चाळीस मिनिटं.
त्यावर विचार करणे, एक तास दहा मिनिटं.
सहकाऱ्याशी त्याबद्दल बोलणे, पंचवीस.

मी पुन्हा लिहिलं: नुसतं वाचण्याचे इतके?
तेही वाचलं त्यांनी. तेही लावलं.
दोन वर्षांत एकोणीस पत्रं,
रात्री, स्वयंपाकघरात, नीट अक्षर काढून,
आणि एकेक स्वल्पविराम
माझ्याच ताटातून उचलला जात होता.
विनिफ्रेड म्हणाली, निदान वाक्यं तरी लहान कर.

न्यायाधीश बाई सभ्य होत्या. पाणी मागवलं माझ्यासाठी.
मग त्यांचा वकील उठला, कोवळा, भांग पाडलेला,
म्हणाला, धुरीघर किती किमतीचं होतं
हा आज प्रश्नच नाही. प्रश्न एवढाच,
मिस्टर ओडलिंग यांना इथं
उभं राहायचा अधिकार आहे का.
मी उभाच होतो. डावा गुडघा धरून.

त्यानं समजावलं, आजारी माणसाला समजावतात तसं:
सगळ्यांची देणी देऊन, खर्च वजा जाता
काही उरणार असेल, तर ते उरलेलं तुमचं,
मग विचारा खुशाल.
उरणार नसेल, तर ह्यात तुमचं काय आहे?

उरत का नाही, मी म्हणालो, तेच विचारायला आलोय.

ते विचारायला, तो म्हणाला, आधी उरावं लागतं.

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं.
मी पेटीत हात घातला. तळाशी,
मासे गुंडाळायच्या कागदावर पेन्सिलीनं केलेली बेरीज:
माझी एकोणीस पत्रं कुणीच वाचली नसती
तर आज शिल्लक असते
एकशे बारा पौंड.
एवढ्यावर, बाई, मी म्हणालो, एका माणसाला
उभं राहता येईल का? एका पायावर का होईना.

बाईंनी चष्मा काढला. कागद हातात घेतला,
नाकाशी नेला की डोळ्यांशी, कळलं नाही.
बराच वेळ ठेवला.
मग निकाल राखून ठेवते म्हणाल्या, आणि कागदही.

बाहेर पाऊस नव्हता, नुसता वारा.
पायऱ्यांवर मिस क्विबेलनं माझ्यासाठी दार धरलं,
पेटी जड आहे का, विचारलं. खरंच विचारलं असावं.
तोंडावर आलं होतं बरंच काही.
मी मान हलवली फक्त.
बोललो असतो
तर ऐकल्याचेही लागले असते.